शिकवणी चुलीपाशी आणा : पोषण-प्रशिक्षणाचे आराखडे ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण ज्यांच्या सहीने ठरतं असे महिला व बालविकास, आरोग्य, ग्रामविकास आणि आदिवासी विकास या विभागांतले सर्व अधिकारी

विषय : घरातला घास वर्षभर पुरावा म्हणून सेविका, आशा आणि बचतगटाच्या ताईंना काय व कुठे शिकवावं याबाबत

स. न. वि. वि.

गेल्या आषाढातला एक दिवस आधी सांगते, मागणं नंतर.

मोखाडा तालुक्यातला एक पाडा. पाऊस असा की समोरचं घर दिसेना. ओटीवर आम्ही सहाजणी: पाड्याची अंगणवाडी सेविका, आशाताई, बचतगटाच्या दोघी, घरची सून आणि मी. सारवलेल्या भुईवर कोळशाने बारा खण आखले, कार्तिकापासून आश्विनापर्यंत. सुनेपुढे सुपात चिंचोके ठेवले आणि म्हटलं, ज्या महिन्यात घरात जितकं धान्य असतं तितके त्या खणात टाक. तिने कार्तिकात ओंजळ रिती केली. मार्गशीर्षापासून चिंचोक्यांच्या शेजारी एकेक खडाही ठेवायला लागली. खडा कशाचा, असं विचारलं. "भट्टीचा. आम्ही दोघं नि पोरं तिकडं, म्हातारी इकडं. तिकडचं खाणं उचलीतलं." भट्टी म्हणजे वीटभट्टी, आणि उचल म्हणजे मालकाकडून मजुरीपोटी आधीच घेतलेले पैसे. खडे वैशाखापर्यंत गेले आणि चिंचोके कमी कमी होत आले. ज्येष्ठात दोन. आषाढाच्या खणावर तिचा हात थांबला. एक ठेवला, परत उचलून घेतला. दारात बसलेली सासू तेव्हा पहिल्यांदा बोलली, "श्रावणातबी नको ठेवू. गौरीला नागली निसवते, तोंडात येत नाही."

नागली म्हणजे नाचणी, निसवते म्हणजे कणसं धरते. सेविकाताई बराच वेळ त्या रिकाम्या खणांकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, सतरा वर्षं मी या घरातल्या पोरांची वजनं घेते. श्रावणात वजन उतरतं, मी लिहून पाठवते. पण हे असं विचारायचं असतं हे मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नाही."

हे पत्र त्या वाक्यापायी लिहिते आहे.

गेली अठरा वर्षं मी जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर गावपातळीवरच्या बायकांना शिकवते. सेविका, मदतनीस, आशा, उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, समूह संसाधन व्यक्ती, गावात शेतीचं मार्गदर्शन करणाऱ्या कृषिसखी अशा सगळ्या त्यात आल्या. तुम्ही पाठवलेले तक्ते आणि पुस्तिका मीच पाड्यांवर घेऊन गेले आहे. त्यांतलं काय रुजतं आणि काय वाहून जातं ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, तेव्हापासून या भागाकडे सरकारचं लक्ष नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. २०१३ साली अन्नसुरक्षा कायदा झाला. २०१४ साली पालघर वेगळा जिल्हा झाला. २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळू लागलं, पुढे मुलांना अंडी-केळी आली. हे जेवण पाड्यावरच्या बायकांनी शिजवलेलं असतं आणि मी स्वतः अनेकदा जेवले आहे. चांगलं असतं. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होतं, ते २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के निघालं. पाच वर्षांत आपण जागचे हललो नाही. अंगणवाडीतल्या एका ताटाने दिवसातली एक वेळ भागते. उरलेल्या वेळा घरातल्या चुलीवर भागायच्या असतात. आणि त्या चुलीपर्यंत रोज जाऊ शकणारी एकच व्यक्ती तुमच्याकडे आहे, ती म्हणजे ही ताई. तिला आपण काय शिकवून पाठवतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

सध्या शिकवणं कसं होतं ते सांगते. तालुक्याच्या गावी हॉल. दहाची वेळ दिलेली असते, पण पाड्यावरून खाली रस्त्याला येऊन जीप मिळेपर्यंत अकरा वाजतात. कुणाच्या कडेवर पोर. पडद्यावर चित्रं सरकतात. जे वरच्या पातळीवर आठवडाभर शिकवलं जातं ते जिल्ह्याला तीन दिवसांत, तालुक्याला एका दिवसात आणि बीटच्या (काही अंगणवाड्यांच्या गटाच्या) मासिक बैठकीत हजेरी, अहवाल, मोबाइलमधल्या नोंदी हे सगळं उरकून राहिलेल्या तासाभरात पोचतं. पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्याला जाईपर्यंत जिरून जावं तसं. २०१८ साली पोषण अभियान सुरू झालं तेव्हा एकवीस छोट्या भागांत, दर महिन्याला थोडं थोडं शिकायची रचना आली होती. मला ती मनापासून आवडली. एक भाग शिकायचा, महिनाभर घरोघरी वापरायचा, पुढच्या बैठकीला काय घडलं ते सांगायचं. पण एका ठिकाणी त्यातले चार भाग एका दुपारी उरकलेले मी पाहिले, कारण फोटो वर पाठवायची तारीख आली होती. त्या दुपारी ज्या बायका हॉलमध्ये बसल्या होत्या त्यांना दोष देण्यासारखं काही नव्हतं. त्या लिहून घेत होत्या, भराभर, पाठीवर पोर झोपलेलं असताना.

आणि त्या काय लिहून घेत होत्या? 'दीडशे ग्रॅम', 'तीस ग्रॅम डाळ'. पाड्यावरच्या कुठल्याही घरात काटा नाही. तिथे पायली आहे, शेर आहे, मापटं, चिपटं आहे, नाहीतर वाटी, पळी आणि मूठ आहे. फळ्यावरच्या तक्त्यात सफरचंद आणि पनीर. आठवडी बाजारात सफरचंद येतं, पण आमच्या बायका ज्या रांगेत असतात तिथे सुकट, जवळा, बोंबील विकायला असतात. तक्त्यात जवळा नाही. शेवळं नाहीत, टाकळा नाही, कुर्डू नाही, करटोली नाही, खेकडे नाहीत. ज्या तीन महिन्यांत कणगी रिकामी असते, नेमक्या त्याच महिन्यांत रानातून हे सगळं येतं. पहिल्या पावसात शेवळं कशी शोधायची, त्यांची खाज जावी म्हणून काकडं (आंबट रानफळं) घालून ती कशी शिजवायची, हे सेविकाताईला तिच्या आजीकडून येतं. प्रशिक्षणाच्या दोन दिवसांत तिला ते एकदाही कुणी विचारत नाही. हळूहळू तिला वाटायला लागतं की आपण खातो ते खाणं नव्हे, खरं खाणं तक्त्यावर असतं. मग ती आईला सांगते, "बाळाला फळं दे." आई मान डोलावते. ताई नोंद करते : समुपदेशन केले.

आता दोन वाट्यांची गोष्ट. मला वाटतं की शिकवणं म्हणजे काय ते यावरून तुम्हाला सगळ्यांत लवकर कळेल.

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू करायचं, हे आमच्या प्रत्येक ताईला तोंडपाठ आहे. घरात ते सुरूही होतं. पण काय देतात? पातळ पेज. बाळाला गिळायला सोपी, आईलाही सोपी. बाळाचं पोट असतं त्याच्याच मुठीएवढं. ते पाण्याने भरतं, बाळ तोंड फिरवतं, आई म्हणते पोट भरलं. तासाभराने रडतं तेव्हा दूध आहेच. अशी पेज खाणारं बाळ आठव्या-नवव्या महिन्यापासून मागे पडायला लागतं. घट्ट पेज द्या म्हणून सांगायचं, तर चमचा उभा राहील अशी पेज सात महिन्यांचं बाळ गिळत नाही. आई खोटं बोलत नसते, ते खरंच बाहेर टाकतं.

म्हणून आम्ही पाड्यावर काय करतो? आदल्या आठवड्यात नागली रात्रभर भिजत घालायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सुकवायची, तव्यावर नुसती शेकवायची, करपू द्यायची नाही, आणि जात्यावर दळायची. मग बैठकीच्या दिवशी त्याच घरच्या चुलीवर साध्या नागलीच्या पिठाची घट्ट पेज शिजवायची. दोन वाट्यांत ओतायची. दोन्हीत चमचा उभा राहतो हे सगळ्यांनी बघायचं. पेज बोट सोसेल इतकी कोमट झाली की एका वाटीत मोडाच्या पिठाचा एक चमचा टाकायचा आणि ढवळत बसायचं. थोड्याच वेळात चमचा कलतो. मग आडवा पडतो. पेज पळीवरून वाहायला लागते. एक थेंब पाणी घातलेलं नसतं. मोड येताना नागलीत असा एक घटक तयार होतो जो पिठाचा घट्टपणा तोडतो. वाटीतलं अन्न तेवढंच राहतं, फक्त बाळाला गिळता येईल इतकं सैल होतं. मग ती पेज पुन्हा चुलीवर ठेवून एक उकळी आणायची, वरून चमचाभर तेल, खुरासणीचं असेल तर खुरासणीचं, आणि बाळाच्या तोंडाला लावायची.

गेल्या वर्षी एका बैठकीत चमचा आडवा पडल्यावर एक आजीबाई उठून वाटीजवळ आल्या. त्यांनी बोट बुडवून चाटलं. म्हणाल्या, "हे आमच्या आयेला ठाऊक होतं. मोडाची नागली बाळंतिणीला द्यायची ती." सगळ्या बायका त्यांच्याकडे वळल्या. त्यानंतरचं शिकवणं त्या आजींनी केलं, मी फक्त चुलीत लाकूड सारत राहिले. नागलीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गहू-तांदळाच्या कितीतरी पट, हे मी नंतर सांगितलं. पण मोड आणायचे ठरले ते आजींमुळे.

हे हॉलमध्ये करता येत नाही. तिथे चूल नसते, बाळ नसतं, आजी नसते. पडद्यावर याची चित्रफीत दाखवता येईल, मी दाखवलीही आहे. चित्रफीत बघून घरी मोड आणलेली एकही बाई मला भेटलेली नाही.

हे नवं काही नाही. बाहेरून कुणाला बोलवायलाही नको. महाराष्ट्रात हे पन्नास वर्षांपूर्वी झालं आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. भाग दुष्काळी. आधी त्यांनी शिकलेल्या नर्स गावात पाठवून पाहिल्या, ते चाललं नाही. मग गावांनी आपल्यातल्याच बायका निवडून दिल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित, विधवा, टाकलेल्या. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र राहायच्या, एका पंगतीला जेवायच्या, एखादी गोष्ट शिकायच्या आणि गावी जाऊन करून बघायच्या. पुढच्या आठवड्यात येऊन काय जमलं, कुठे अडलं ते सांगायच्या. त्यांचं शिक्षण कधी संपलंच नाही, वर्षानुवर्षं चाललं. त्या बायकांनी मुलांच्या दंडाचा घेर मोजला, विहिरी पाहिल्या, शेती पाहिली, बायकांची मंडळं उभी केली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांना बाळंतघरात जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या कामाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या गृहभेटी त्यावरून घडल्या. दोन्हीकडे शिकवणारा माणूस कार्यकर्तीबरोबर त्या घरात जायचा. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे.

परसबागेचं थोडक्यात सांगते, कारण यावर तुमच्याकडे परिपत्रकं पुष्कळ आहेत. बियांची पाकिटं वाटली जातात. पालक, मेथी, मुळा, गाजर. पावसाळ्यात उगवतं, फोटो चांगले येतात. फाल्गुनानंतर प्यायचं पाणी डोक्यावरून आणणारी बाई वाफ्याला पाणी कुठून घालेल? आणि पाकिटातलं बी बहुतेक संकरित, पुढच्या वर्षी धरून ठेवलं तर तसंच पीक येईल याचा भरवसा नाही. इथे जगतं ते वेगळं आहे. ज्येष्ठात लावलेली शेवग्याची फांदी, मोरीच्या पाण्यावरचा अळू आणि केळ, छपरावर चढवलेला भोपळा, कुंपणावरचा वाल. वालाचं आणि भोपळ्याचं बी राखेत घोळून चुलीच्या धुराखाली टांगून ठेवायची रीत अजून घराघरांत आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी हीच रीत धरून गावठी बियाण्यांची बँक उभी केली, बायफ या संस्थेची त्यांना साथ मिळाली आणि २०२० साली पद्मश्री मिळाली. तुमच्या कृषिसखीला एकदा कोंभाळण्याला नेऊन आणा. त्या एका फेरीत ती जे शिकून येईल ते चार पुस्तिकांत मावणार नाही.

आता हिशेबाचं. हे प्रशिक्षणात सगळ्यांत कमी असतं आणि घरात सगळ्यांत जास्त लागतं.

रेशनकार्डाच्या 'प्राधान्य' गटातलं सहा माणसांचं कुटुंब असेल तर माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला तीस किलो धान्य. त्या चिंचोक्यांच्या घरात आम्ही आठ दिवस शिजायच्या आधी धान्य मापून पाहिलं. कष्ट करणारी माणसं आहेत, रोज दोन किलोच्या आसपास शिजतं. म्हणजे रेशन पंधरा दिवसांचं. उरलेले पंधरा दिवस कणगीवर, मजुरीवर नाहीतर उसनवारीवर. हा हिशेब सुनेने स्वतः केला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सोळाव्या दिवशी मी दुकानदाराकडं जाते ती उगीच नाही." तिला आजवर वाटत होतं की आपल्याला घर चालवता येत नाही.

असा हिशेब करायला शिकलेली ताई पुढचे प्रश्न आपोआप विचारते. कार्डावर धाकट्या पोराचं नाव चढलं का? नसेल तर दर महिन्याला पाच किलो जातात. म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटत नाही, तर तिचं धान्य कोण उचलतं? घर कातकऱ्याचं आहे का? कातकरी आदिम जमातीत मोडतात, त्यांना अंत्योदयचं पस्तीस किलोचं कार्ड मिळायला हवं, मग ते प्राधान्य कार्डावर का? भट्टीवर जाताना कार्ड घरी राहतं की बरोबर नेतात? एक देश एक रेशनकार्ड झाल्यापासून भिवंडीच्या नाहीतर वसईच्या दुकानातही धान्य मिळू शकतं, हे भट्टीवर जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे? रोजगार हमीचं काम मागायचा अर्ज दिवाळीआधी टाकला का, आणि त्याची दिनांकित पोच घेतली का? काम वेळेवर निघालं तर काही घरं तरी उचल घेणार नाहीत. उचल घेतली की पोरं सहा महिने अंगणवाडीच्या पटावर राहतात आणि भट्टीवर जेवतात, अर्धपोटी.

या प्रश्नांतला एकही पोषणाच्या पुस्तिकेत नसतो. तुमच्याकडे रेशन पुरवठा खात्याचं, रोजगार हमी दुसऱ्या खात्याची, बाळ महिला-बालविकासचं, गरोदर बाई आरोग्याची आणि परसबाग उमेदची. घरात ही सगळी एकाच ताटात असतात. एकाच घरी एका महिन्यात तिघी ताया तीन वेगवेगळ्या नोंदवह्या घेऊन येतात आणि तेच तेच विचारतात. सून कंटाळून "हो" म्हणून मोकळी होते. तिघींना एका ओटीवर बसवून एकच बारा खणांचा तक्ता दिला तर काय होतं ते मी पाहिलं आहे. आशाताई आषाढाच्या खणाकडे बोट दाखवून म्हणाली, "या घरचं पुढचं बाळंतपण इथंच पडतं," आणि कृषिसखी लगेच म्हणाली, "मग मोडाची नागली ज्येष्ठातच दळून ठेवू." तिला हे कुणी सांगावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट बोलायला अवघड आहे, तरी बोलते. घरात शेवटी कोण जेवतं? गरोदर सून, आणि तिच्या वाट्याला खरड आणि कढण. हे सगळ्यांना दिसतं, पण सेविकाताई सासूसमोर ते बोलू शकत नाही, कारण ती सासू तिची चुलतसासू असते, नाहीतर गावातली मानाची बाई. पडद्यावरच्या चित्राने हे धाडस येत नाही. आम्ही बायकांनाच नाटक करायला लावतो. एक सासू होते, एक सून, एक मुलगा. सासू झालेली बाई रडकुंडीला येते असंही झालं आहे, कारण तिला स्वतःचं सुनेपण आठवतं. मग बैठकीला सासवांनाच बोलवायला लागलो. पुरुषांना बोलवणं अजून नीट जमलेलं नाही. दोनदा भात लावणीच्या आदल्या दिवसांत जमलं, तेव्हा ते ओटीच्या कडेला उकिडवे बसून ऐकत होते. एकाने त्या खणांत आपल्या हाताने चिंचोके टाकले आणि बायकोपेक्षा जास्त टाकले. बायको हसली आणि तिने त्यातले निम्मे उचलून घेतले. त्या घरात तेव्हापासून पैशांचं बोलणं दोघांत होतं, असं ती सांगते.

आता त्या ताईंबद्दल. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. पन्नास वर्षं झाली आणि सेविका अजून मानधनावर आहे. बचतगटाची ताई हॉलमधल्या प्रशिक्षणाला येते त्या दिवशी तिची रोजी बुडते. भाडं कधी महिन्यांनी मिळतं, कधी मिळतच नाही. एकदा नागलीच्या पेजेची बैठक संपल्यावर मी एका ताईला विचारलं, तुझ्या घरी आषाढात काय असतं? ती म्हणाली, "माझा बी खण तसाच." दुसऱ्यांच्या चुलीत काय आहे ते बघायला आपण जिला पाठवतो तिच्या चुलीत काय आहे हे आराखड्यात कुठेही विचारलेलं नाही. तिला प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाची किमान मजुरीइतकी रोजी त्याच दिवशी हातात द्या. लहान मूल असेल तर ते सांभाळायला एक मदतनीस ठेवा. याला फार पैसा लागत नाही. हॉल, मांडव, बॅनर आणि पिशव्यांवर जे जातं त्यात हे बसतं.

मागणं एवढंच आहे. एका तालुक्यात दोन वर्षं हे करून बघू द्या. प्रशिक्षणाचे निम्मे दिवस पाड्यावर घ्यायचे, एखाद्या खऱ्या घराच्या ओटीवर, आणि ते वर्षातून दोनदा: ज्येष्ठात, कणगी रिकामी व्हायच्या आत, आणि कार्तिकात, धान्य घरात आल्यावर. शिकवणाऱ्याने महिन्यातून एक दिवस प्रत्येक ताईबरोबर दोन घरांत जायचं, पुढे न बोलता तिच्या मागे बसायचं आणि परतताना तिच्याशी बोलायचं. बारा खणांचा तक्ता सेविका, आशा आणि कृषिसखी तिघींनी मिळून एकच भरायचा. खाण्याच्या वस्तूंची यादी त्या त्या पाड्याने करायची, मोजमाप वाटी-चिपट्यात लिहायचं, आणि त्यात जवळा आणि शेवळं यांना जागा द्यायची. शेवटी, प्रशिक्षण झालं की नाही हे हजेरीच्या फोटोवरून ठरवू नका. ते ठरवायला श्रावणात त्या घरी जा.

त्या घराचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचाराल. सगळं बदललं नाही. दिवाळीनंतर ते पुन्हा भट्टीवर गेले, उचल घेतलीच. पण जाताना कार्ड बरोबर नेलं आणि दोन महिने तिकडच्या दुकानातून धान्य उचललं, तिसऱ्या महिन्यात दुकानदाराने परत पाठवलं. त्याबद्दल सेविकाताईंनी पहिल्यांदाच तक्रारीचा अर्ज लिहिला आहे. शिमग्याला सून आली होती तेव्हा सासूने कणगीतली दोन पायल्या नागली वेगळी बांधून ठेवलेली तिने मला दाखवली. मोडासाठी.

येत्या ज्येष्ठात आम्ही त्याच ओटीवर पुन्हा बारा खण आखणार आहोत. तुमच्यापैकी कुणी येणार असेल तर बैठकीआधी आठ दिवस कळवावं. मोखाड्याहून जीप मिळते, पुढचा अर्धा तास चालावं लागतं, आणि ओढ्याला पाणी असेल तर वरच्या वाटेने यावं लागेल. जेवण तिथेच होईल.

आपली,
जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर काम करणारी एक प्रशिक्षिका